रानातली शिकेकाई : वेल ओळखण्यापासून न्हाणापर्यंत

एका ताईंनी विचारलं आहे, ते थोडक्यात असं : भोरकडे सासरच्या घरामागे ओढ्याच्या कडेला एक काटेरी वेल झाडावर चढली आहे. सासूबाई म्हणतात ती शिकेकाई. ती खरंच शिकेकाई आहे हे कसं ओळखायचं? शेंगा कधी काढायच्या? आणि बाजारातल्या शिकेकाई पावडरीनं केस झाडूसारखे रखरखीत झाले, मग आमच्या आज्यांचे केस या शिकेकाईनं कसे काय टिकले?

ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण शिकेकाईबद्दलची बहुतेक नाराजी तिथूनच येते. तुमची आजी पावडर केसांत घालत नव्हती. ती शेंगा रात्री भिजत घालायची, सकाळी उकळायची, कुस्करायची, गाळायची आणि ते पाणी केसांना लावायची. त्याच्या आधी डोक्याला तेल मुरलेलं असायचं. त्या पाण्यात मेथी किंवा जास्वंदीची पानं असायची. या तीन गोष्टी वगळून नुसतं पीठ पाण्यात कालवून डोक्याला थापलं, तर केस कोरडे होणारच. त्यात वेलीचा दोष नाही.

मी बरीच वर्षं मुळशी-भोरच्या बाजूच्या कातकरी आणि महादेव कोळी बायांकडून शेंगा घेऊन न्हाणाचं सामान तयार करते. त्या बायांना ही वेल जितकी कळते तितकी मला पुस्तकांतून कळली नाही. पुढे जे लिहिते आहे त्यातलं बरंचसं त्यांच्याकडून शिकलेलं आहे.

आधी ओळख. शिकेकाई ही बाभूळ-खैराच्या घराण्यातली काष्ठवेल आहे. जुन्या ग्रंथांत तिचं शास्त्रीय नाव अकेशिया कन्सिना असं सापडेल. आता वनस्पतिशास्त्रज्ञ तिला सेनेगालिया रुगाटा म्हणतात. सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना, कोकणात आणि गोव्यात, ओलसर पानगळीच्या आणि निमसदाहरित रानात ती दिसते. ओढ्याकाठ, देवराईची कड, रानातली मोकळी झालेली जागा अशा ठिकाणी ती जास्त रमते, कारण तिला वर चढायला झाड लागतं आणि डोक्यावर ऊनही लागतं. काकडी-कारल्याच्या वेलीला असतात तसे ताणे तिला नसतात. ती चढते काट्यांवर. फांदीवर आणि पानाच्या देठाखाली मागे वळलेले बारीक आकडे असतात, ते शेजारच्या झाडात रुतवत ती शेंड्यापर्यंत जाते. म्हणूनच तिच्यात हात घातला की आत सहज जातो आणि बाहेर काढताना सालटं निघतात.

पानं बाभळीसारखी दुहेरी पिसांची, पर्णिका बारीक. कोवळं पान चावून पाहिलंत तर आंबट लागतं, ही चांगली खूण आहे. मात्र ही परीक्षा बाकीच्या खुणा जुळल्यावरच करा. अनोळखी वेलीचं पान कधी तोंडात घालू नये. फुलं बाभळीसारखी गोल गोंड्यांची, पण पिवळीधमक नसतात. पांढुरकी असतात आणि कळ्यांवर गुलाबी-तांबूस झाक असते. शेंग ओली असताना जाड आणि मांसल असते, बोटभर लांब, काहीशी रुंद. वाळली की तपकिरी-काळसर होते, तिच्यावर सुरकुत्या पडतात आणि दोन बियांच्या मधली जागा आवळल्यासारखी दिसते. ही सुरकुतलेली साल हीच मुख्य खूण समजा.

हे इतकं खोलात सांगायचं कारण असं की त्याच रानात दिसायला जवळच्या वेली पुष्कळ आहेत. शेंबी ही शिकेकाईची सख्खी बहीण. तिचेही काटे तसेच, पानंही तशीच, पण तिची शेंग पातळ, चपटी, कागदासारखी असते. वाळल्यावर तिच्यावर शिकेकाईसारख्या जाड सुरकुत्या पडत नाहीत. चिल्लारलाही आकडेच आकडे असतात, पण तिला पिवळ्या फुलांचे उभे तुरे येतात. वाकेरीचे तुरे शेंदरी-लाल, तेही उभे. गोल गोंडे आणि जाड सुरकुतलेली शेंग या दोन्ही गोष्टी एकत्र दिसल्याशिवाय शिकेकाई म्हणू नका. शेवटची खात्री म्हणून वाळलेल्या शेंगेच्या सालीचे तुकडे पाण्याच्या बाटलीत घालून जोरात हलवा. फेस यायला हवा आणि काही वेळ टिकायला हवा. पण नुसत्या फेसावर जाऊ नका, फेस रानातल्या इतर कितीतरी वनस्पती देतात.

शेंगा थंडीत भरतात. त्या वेलीवरच वाळू द्याव्यात आणि साधारण माघ-फाल्गुनात उतरवाव्यात. हिरव्या शेंगा काढून घरी वाळवल्या तर आत बुरशी धरते. जास्त उशीर केला तर शेंगा गळतात, आणि वळवाचा एखादा पाऊस पडला की जमिनीवरच्या शेंगा वाया गेल्याच. झाडावरून उतरवायला बांबूच्या टोकाला आकडी बांधतात. घोस आकडीत धरून पिळला की शेंगा तुटतात, वेल राहते.

इथे मला मनापासून एक विनंती करायची आहे. वेल उंच गेलेली असते आणि शेंगा शेंड्याला असतात. अशा वेळी बुंध्याशी कोयता मारून अख्खी वेल खाली ओढण्याचा मोह होतो आणि काही व्यापाऱ्यांची माणसं तसंच करतात. बुंध्यातून धुमारे फुटतात हे खरं, पण ते पुन्हा झाडाच्या शेंड्याला पोचून उन्हात येईपर्यंत बरीच वर्षं जातात आणि तोवर त्या जागी शेंग दिसत नाही. ज्या कातकरी बाईचं वर्षाचं मीठ-मिरची त्या वेलीवर चालतं, तिच्यावर हा घाला असतो. तुमची वेल घरामागची आहे, घाई कशाचीच नाही. हाताला आणि आकडीला येतील तेवढ्या शेंगा घ्या, वरच्या राहू द्या. वेल वनखात्याच्या हद्दीत असेल तर गावातल्या जाणत्यांना विचारून मगच काढा. २००६ च्या वनहक्क कायद्यानं गौण वनोपजावर (लाकूड सोडून रानातून मिळणाऱ्या वस्तूंवर) रानात राहणाऱ्यांचा हक्क मान्य केलेला आहे, आणि शिकेकाई हे गौण वनोपजच आहे. आपण हौसेनं चार शेंगा घेताना त्या हक्काच्या आड येऊ नये.

आणलेल्या शेंगा कापडावर पसरून कडक ऊन द्या. शेंग कानाजवळ हलवली की आत बी वाजलं पाहिजे आणि वाकवली की काटकन मोडली पाहिजे. मग गोणपाटावर ठेवून मोगरीनं हलक्या हातानं ठोका, साल फुटते आणि बी वेगळं होतं. बी काढणं टाळू नका. फेस सालीत आहे, बियांत नाही. बी कुटलं गेलं तर नुसती खर मिळते आणि ती टाळूला बोचते. दुसरं म्हणजे भुंगा बियांतच असतो. बियांसकट भरून ठेवलेला डबा पावसाळ्यानंतर उघडला की तळाशी भुसा आणि शेंगांना बारीक भोकं दिसतात. बाजारातही बी काढलेल्या शिकेकाईला जास्त भाव मिळतो, तो याचसाठी. स्वच्छ साल कोरड्या बरणीत घट्ट झाकून ठेवली तर पुढच्या हंगामापर्यंत छान राहते. सगळी एकदम कुटून ठेवू नका, तुकडेच ठेवा.

आता न्हाण. कमरेपर्यंत केस असतील तर आठ-दहा शेंगांची साल, एक चमचा मेथीदाणे आणि अर्धा लिटर पाणी. रात्री भिजत घाला. सकाळी मंद आचेवर दहा-पंधरा मिनिटं उकळा, पाणी दाटसर आणि गडद तपकिरी झालं की उतरवा. कोमट झाल्यावर हातानं चांगलं कुस्करा आणि मऊ सुती कापडातून गाळा, चाळणीतून नको. चाळणीतून बारीक कोंडा जातोच, आणि तो केसांत अडकला की धुऊन निघत नाही. भांडं स्टीलचं घ्या. जुन्या घरांत लोखंडी कढई वापरत, त्यानं पाणी काळं होतं आणि केसांना काळसर झाक येते. तशी हवी असेल तर खुशाल वापरा, पण टॉवेल जुना घ्या, डाग निघत नाही.

केसांना आदल्या रात्री किंवा निदान तासभर आधी खोबरेल लावलेलं असू द्या. केस आधी कोमट पाण्यानं भिजवा. मग शिकेकाईचं पाणी थोडं थोडं टाळूवर ओतत बोटांच्या पेरांनी चोळा. लांबीवर वेगळं लावायची गरज नाही, खाली ओघळतं तेवढं पुरे. चार-पाच मिनिटांत धुऊन टाका आणि भरपूर पाण्यानं धुवा. शाम्पूसारखा डोंगराएवढा फेस येणार नाही. तो येत नाही म्हणून पुन्हा पुन्हा लावू नका. तेल जास्त असेल तर त्यात दोन-तीन रिठ्यांची साल घाला, त्याहून जास्त नको. रिठा जोरकस असतो, तो केसांचं सगळं तेल ओढून घेतो. बाजारच्या कितीतरी ‘शिकेकाई’ पावडरींत फेस यावा म्हणून रिठाच जास्त असतो. तुमचे केस रखरखीत होण्याचं एक कारण तेही असू शकतं.

हे काम कसं करतं ते सांगते, म्हणजे प्रमाण तुम्हाला स्वतःच जमवता येईल. शेंगेच्या सालीत सॅपोनिन नावाची द्रव्यं असतात. त्यांचं एक टोक पाण्याला धरतं आणि दुसरं तेलाला, म्हणून मळ सुटून येतो. साबणही असंच करतो, पण साबण अल्कधर्मी असतो, त्याचा सामू (पीएच, म्हणजे आंबट-अल्कपणाचं माप) ९-१० च्या घरात जातो. केस आणि टाळू स्वभावतः किंचित आम्लधर्मी, सामू ४.५ ते ५.५ च्या आसपास. साबणानं केसांवरचे खवले उघडतात आणि केस एकमेकांत अडकतात. शिकेकाईचं पाणी स्वतःच आंबट, त्यामुळे खवले मिटलेले राहतात आणि केस विंचरताना तुटत नाहीत. आणखी एक फायदा फारसा कुणी सांगत नाही. बोअरवेलच्या जड पाण्यात साबण लावला की केसांवर पांढरा चिकट थर बसतो. पाण्यातलं कॅल्शियम साबणाला धरून बसतं, त्याचा तो थर. सॅपोनिनचं तसं होत नाही. सोलापूर-मराठवाड्याकडच्या ज्या बाया जड पाण्याला कंटाळलेल्या असतात, त्यांना शिकेकाईचा गुण पहिल्याच न्हाणात कळतो.

पण मळ काढणं हे अर्धंच काम झालं. केस मऊ ठेवायला बुळबुळीत, गिळगिळीत काहीतरी सोबत लागतं. मेथी, जास्वंदीची पानं, अळशी यांचं काम तेच. म्यानमारमध्येही याच वेलीच्या शेंगांनी डोकं धुतात, आणि तिथे सोबत आपल्या धामणीच्या कुळातल्या झाडाची बुळबुळीत साल घालतात. इतक्या लांबच्या बायकांनीही आपापल्या रानातून हीच जोडी शोधली याचं मला फार अप्रूप वाटतं. आवळकाठी, नागरमोथा, गव्हला, कचोरा, वाळवलेली संत्र्याची साल हे सगळं सुवासासाठी आणि टाळूला बरं वाटावं म्हणून घालतात. घातलं तर छान, नसलं तर अडत नाही. मेथी किंवा जास्वंद मात्र सोडू नका.

काढा ताजाच वापरा. फ्रिजमध्ये दोन दिवस ठीक, नंतर आंबतो आणि वास येतो. आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा, एवढंच. रोज नाही. पांढऱ्या किंवा ब्लीच केलेल्या केसांवर तपकिरी छटा येऊ शकते, तेव्हा आधी एका बटेवर लावून पाहा.

काळजीच्या दोन-तीन गोष्टी आहेत, त्या हलक्यात घेऊ नका. शिकेकाई डोळ्यात गेली की भयंकर झोंबते. लगेच साध्या स्वच्छ पाण्यानं धुवत राहा. डोळ्यात तूप किंवा तेल घालायचा जुना उपाय करू नका. लहान मुलांना न्हाऊ घालताना मान मागे टेकवून पाणी मागच्या बाजूला ओता. तान्ह्या बाळाला शिकेकाई लावूच नये. शेंगा कुटताना नाकाला ओढणी बांधा, ती धूळ शिंकांनी बेजार करते आणि दम्याच्या माणसाला त्रास देते.

सगळ्यांत महत्त्वाचं. उवांसाठी शिकेकाईत सीताफळाच्या बिया कुटून घालण्याची पद्धत अनेक घरांत आहे. कृपा करून ते करू नका. सीताफळाच्या बियांचं पीठ डोळ्यात गेलं तर बुबुळावर जखम होते, प्रचंड वेदना होतात आणि अशा कितीतरी रुग्णांना डोळ्यांच्या दवाखान्यात जावं लागतं. त्याच जात्यावर किंवा मिक्सरमध्ये नंतर शिकेकाई दळली तरी धोका राहतो. उवांना बारीक दातांची फणी आणि डॉक्टरांनी दिलेलं औषध हेच बरं.

न्हाणापलीकडे या वेलीचे घरात आणखी उपयोग आहेत. गाळून उरलेला चोथा फेकू नका. देवाची समई, निरांजन, तेलाची बुधली यांवरचा चिकट राप त्या चोथ्यानं आणि चिमूटभर राखेनं सुरेख निघतो. आंबटपणामुळे पितळ-तांब्यालाही उजाळा येतो. लोकरी शाल, घोंगडी यांना गाळलेल्या पाण्याचा हलका धुवा चालतो. रेशमाचं मात्र बघून. गडद रंगाच्या रेशमी वस्त्राला हरकत नाही, पण फिक्या रेशमावर शिकेकाईचा तपकिरी रंग चढतो, तिथे रिठ्याचं पाणीच घ्यावं. जरीची पैठणी या दोन्हींपैकी कशातही बुडवू नका.

कोवळा पाला खातात. त्याचा आंबटपणा चिंचेसारखा, पण जरा हिरवट. चटणीत किंवा आमटीत चिंचेऐवजी मूठभर कोवळा शेंडा पुरतो. कोवळा म्हणजे काटे अजून मऊ असलेला, पावसाच्या सुरुवातीचा. शेंगा मात्र खायच्या नाहीत, आणि शेंगांचं पाणी औषध म्हणून पोटात घेण्याचे घरगुती प्रयोगही करू नका.

उरलेलं पाणी कुठे ओतता तेही बघा. सॅपोनिन माशांच्या कल्ल्यांना बाधतं. न्हाणीघरातलं पाणी परसात केळी-अळूला गेलं तर काहीच बिघडत नाही. पण तुमची वेल ओढ्याकाठी आहे म्हणून लिहिते : उन्हाळ्यात ओढ्याचं पाणी डोहापुरतं उरलेलं असतं, तिथे शेंगा कुस्करू नका आणि चोथाही धुऊ नका.

वेगळं केलेलं बी टाकून देऊ नका. मृगाच्या आधी चांगलं भरलेलं, भोक नसलेलं बी निवडा. त्याचं कवच टणक असतं, म्हणून उकळून खाली उतरवलेलं गरम पाणी त्यावर ओता आणि रात्रभर तसंच भिजू द्या. सकाळी जे फुगलेलं दिसेल ते पिशवीत अर्धा इंच खोल लावा. पाऊस लागल्यावर शेताच्या बांधावर, कुंपणाच्या कोपऱ्यात, जिथे वर चढायला एखादं जुनं झाड आहे आणि पोरांची जा-ये नाही, अशा जागी रोप सोडा. दाट वाढली की गुरं काय, डुक्करसुद्धा सहज आत येत नाही, म्हणून कोकणात आणि घाटावर कुंपणाला ती मुद्दाम लावणारे शेतकरी आहेत. बाल्कनीतल्या कुंडीत मात्र लावू नका, तिथे तुम्हाला फक्त काटे मिळतील. आंब्या-फणसावरही चढवू नका, कलमं तिच्याखाली दबून जातात. पहिली काही वर्षं शेंगा येणार नाहीत. तोपर्यंत ओढ्याकाठची ती जुनी वेल आहेच, आणि तिच्या खालच्या फांद्या तुमच्या घराला वर्षभर पुरतील.